ताल सर्वांचा, जोर ज्याचा त्याचा

वाचकांचे प्रश्न : रोइंग मशीनवरचा गटाचा सराव

मागील अंकात रोइंग मशीनवरच्या, म्हणजे जागेवर बसून वल्हवण्याच्या यंत्रावरच्या, एका स्ट्रोकची (एकदा खेचून परत येण्याची) फोड करून सांगितली होती : खेचताना आधी पाय, मग धड, शेवटी हात, परतताना आधी हात, मग धड, शेवटी गुडघे. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे गटाला शिकवणाऱ्यांची किंवा गटात शिकणाऱ्यांची आहेत, म्हणून या वेळचे सदर केवळ गटाच्या सरावासाठी ठेवले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, आमच्या व्यायामशाळेत नुकतीच आठ रोइंग मशीन आली आहेत आणि संध्याकाळचा गट माझ्याकडे सोपवला आहे. गटात २४ वर्षांच्या संगणक अभियंत्यापासून ५८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेपर्यंत सगळे आहेत. सर्वांना पुरेल आणि कोणालाही झेपणार नाही असे होणार नाही, असा एकच सराव कसा आखावा?
— प्रशिक्षक, कोथरूड, पुणे

उत्तर : मशीनच्या पडद्यावर अनेक आकडे दिसतात, त्यांतले दोन वेगळे ओळखायला गटाला शिकवले की तुमचे निम्मे काम होते. पहिला आकडा स्ट्रोक रेटचा, म्हणजे मिनिटाला किती स्ट्रोक. दुसरा स्प्लिटचा, म्हणजे याच जोराने चालू राहिल्यास ५०० मीटरला लागणारा वेळ. रेट हा गटाचा आकडा आहे आणि स्प्लिट हा ज्याचा त्याचा. तुमचा तरुण अभियंता आणि निवृत्त शिक्षिका शेजारीशेजारी बसून, एकाच तालात, मिनिटाला २० स्ट्रोक मारू शकतात आणि तरीही एकाचा स्प्लिट २ मिनिटे ५ सेकंद आणि दुसरीचा २ मिनिटे ५० सेकंद असू शकतो. धावण्याच्या किंवा सायकलच्या गटात मागे पडणारा माणूस हळूहळू दिसेनासा होतो. रोइंग मशीन जागचे हलत नाही, त्यामुळे येथे कोणी मागे पडतच नाही. गटासाठी या साधनाचा हा सर्वांत मोठा गुण आहे आणि प्रशिक्षकाने तो वाया घालवू नये.

तो वाया कसा जातो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात मी गटाला अंतर देत असे : सर्वांनी १,००० मीटर. जोरकस मंडळी चार मिनिटांत अंतर संपवून घाम पुसत उभी राहत आणि शेवटच्या एक बाई आणखी दोन मिनिटे सगळ्यांच्या नजरेसमोर एकट्या खेचत राहत. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, उलट सगळे टाळ्या वाजवून त्यांना हुरूप देत होते. पण त्या बाई तिसऱ्या आठवड्यानंतर आल्या नाहीत. तेव्हापासून मी गटाला वेळ देते, अंतर देत नाही. वेळ दिली की सगळे एकाच क्षणी सुरू होतात, एकाच क्षणी थांबतात आणि किती मीटर झाले हा आकडा ज्याच्या त्याच्या पडद्यावर राहतो.

पाऊण तासाचा एक साधा आराखडा देते. पहिली दहा मिनिटे स्ट्रोक तुकड्यातुकड्याने जोडण्यात घालवावीत : पाय सरळ ठेवून केवळ हात, मग हात आणि धड, मग अर्धे गुडघे वाकवून, आणि शेवटी पूर्ण स्ट्रोक. हा भाग प्रशिक्षकाला कंटाळवाणा वाटतो आणि म्हणून लवकर गुंडाळला जातो. वास्तविक गटाची लय याच दहा मिनिटांत जमते. त्यानंतर चार मिनिटांच्या चार फेऱ्या घ्याव्यात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन मिनिटे अगदी सावकाश वल्हवावे. पहिल्या फेरीचा रेट २०, दुसरीचा २२, तिसरीचा २४ आणि चौथीचा पुन्हा २२ ठेवावा. ही झाली २२ मिनिटे. मग पाच मिनिटे हलके वल्हवणे आणि उरलेल्या आठ मिनिटांत जमिनीवर येऊन मांड्यांच्या मागच्या शिरा, खुबे आणि पाठ ताणून सैल करणे.

जोर किती लावायचा हे मात्र प्रत्येकाला वेगळे सांगावे लागते, आणि येथे एक गफलत नेहमी होते. ‘सर्वांनी आपला स्प्लिट पाच सेकंदांनी खाली आणा’ असे सांगणे न्याय्य वाटते. पण मशीनवर शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्प्लिट २:०० वरून १:५५ वर आणणाऱ्याला सुमारे २८ वॉट अधिक लावावे लागतात, तर २:४० वरून २:३५ वर येणाऱ्याला ९ वॉट पुरतात. मूळ शक्तीच्या तुलनेत पाहिले तरी पहिल्याला जवळपास १४ टक्के वाढ करावी लागते आणि दुसऱ्याला १०. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून रेट २० वर, शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने, दहा मिनिटे वल्हवून घ्यावे आणि पडद्यावरचे सरासरी वॉट वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या सरावाची पातळी याच आकड्याच्या टक्क्यांत द्यावी : पहिली फेरी ११० टक्के, तिसरी १२० टक्के, असे. ज्यांना आकडेमोड नको असेल त्यांच्यासाठी बोलण्याची कसोटी पुरेशी आहे : पहिल्या फेरीत पूर्ण वाक्य बोलता यावे, तिसरीत चारपाच शब्दांपलीकडे बोलवू नये.

गटात ताल कोणाचा धरायचा, हेही ठरवून घ्या. आठ जणांच्या नावेत सगळे वल्हेकरी नावेच्या मागच्या टोकाला बसलेल्या एकाच वल्हेकऱ्याचा ताल धरतात. गटातही असा एक जण सर्वांना दिसेल असा बसवावा आणि तो सर्वांत जोरकस असण्यापेक्षा सर्वांत स्थिर असावा. माझ्या अनुभवात ही जागा तालाची जाण असलेल्या मध्यमवयीन सदस्यांना फार शोभते, त्यामुळे तुमच्या शिक्षिकाबाईंना एकदा तेथे बसवून पाहा.

तुम्ही स्वतः मशीनवर बसून शिकवू नका. समोर उभे राहिल्यास चेहरे दिसतात, पण पाठ आणि गुडघे बाजूनेच दिसतात. म्हणून ओळीच्या कडेने चालत राहा. एका फेरीत सर्वांसाठी एकच सूचना द्या, उदाहरणार्थ ‘हात गुडघ्यांच्या पुढे गेल्यावरच गुडघे वाकवा’, आणि व्यक्तिगत सुधारणा जवळ जाऊन हळू आवाजात सांगा. हात लावून स्थिती दाखवायची असेल तर प्रत्येक वेळी आधी विचारा, आणि नकार मिळाला तर शब्दांनी किंवा स्वतः करून दाखवा.

गट सोळाचा असेल तर जोड्या लावा : एक मशीनवर, दुसरा चटईवर, दर चार मिनिटांनी अदलाबदल. पाय ठेवायच्या पट्टीवर उंचीचे आकडे असतात. आपला आकडा प्रत्येकाने पाठ केला, तर अदलाबदल पाऊण मिनिटात होते.

प्रश्न : आमचे तरुण सदस्य मशीनवर बसताच बाजूचा खटका १० वर नेतात. त्याहून कमी ठेवले तर ‘व्यायाम झाल्यासारखे वाटत नाही’ म्हणतात. त्यांना कसे समजावावे?
— प्रशिक्षिका, ठाणे

उत्तर : त्यांच्यावर चिडू नका. ज्या व्यायामशाळेत प्रत्येक यंत्रावरचा मोठा आकडा म्हणजे अधिक वजन असतो, तेथे या यंत्राचाही तसाच अर्थ लावला जाणे स्वाभाविक आहे. या खटक्याला डॅम्पर म्हणतात आणि हँडल खेचल्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या चाकाच्या पेटीत किती हवा शिरू द्यायची एवढेच तो ठरवतो. हवा अधिक शिरली की दोन स्ट्रोकच्या मधल्या वेळात चाक लवकर मंदावते आणि पुढच्या स्ट्रोकला ते पुन्हा गतीवर आणण्यासाठी अधिक ओढावे लागते. कात्रजचा घाट सायकलने सर्वांत जड गिअरवर चढण्यासारखा हा प्रकार आहे : पाय जड होतात, पण त्यामुळे माणूस लवकर पोचतो असे नाही.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या कॉन्सेप्ट टू कंपनीची मशीन, जी आपल्याकडे अनेक ठिकाणी दिसतात, चाक किती वेगाने मंदावते हे प्रत्येक स्ट्रोकनंतर स्वतः मोजतात. त्या आकड्याला ड्रॅग फॅक्टर म्हणतात आणि तो हिशेबात धरूनच पडदा वॉट आणि स्प्लिट दाखवतो. त्यामुळे डॅम्पर १० वर नेऊन आकडा फुगत नाही आणि ४ वर आणून घटत नाही. तो तुम्ही खरोखर केलेल्या कामाचाच राहतो. सामान्य सदस्यांसाठी १०० ते १३० च्या दरम्यानचा ड्रॅग फॅक्टर योग्य असतो आणि चांगल्या स्थितीतल्या मशीनवर तो डॅम्पर साधारण ३ ते ५ वर असताना मिळतो.

सांगून पटत नसेल तर करून दाखवा. अशा एका सदस्याला डॅम्पर १० वर ठेवून रेट २२ वर पाच मिनिटे वल्हवू द्या, पुरेशी विश्रांती द्या, मग डॅम्पर ४ वर ठेवून तेवढेच करायला सांगा आणि दोन्ही वेळचे सरासरी वॉट फळ्यावर लिहा. दुसऱ्या वेळी एक अट घाला : स्ट्रोकच्या सुरुवातीलाच पायांनी झटकन रेटायचे. हलक्या चाकाला पकडायला पाय चपळ लागतात. जड चाक संथ पायांनाही साथ देते, आणि तरुणांना १० चा आकडा सुखाचा वाटण्याचे खरे कारण तेच आहे. शिवाय जड चाकाचा भार स्ट्रोकच्या सुरुवातीला, कंबर वाकलेली असतानाच येतो, हे तर प्रत्येक गटाला पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे.

प्रश्न : ताई, मी ५२ वर्षांची आहे. आमचे प्रशिक्षक सारखे ‘जोरात, आणखी जोरात’ असे ओरडतात. मी जीव तोडून मारते, पडद्यावर रेट ३४ दिसतो, पण स्प्लिट २:४० च्या खाली येत नाही आणि दहा मिनिटांत धाप लागते. माझे वय झाले का?
— गृहिणी, डोंबिवली

उत्तर : तुमच्या वयाचा यात दोष नाही. तुम्हाला दिलेली सूचना अपुरी आहे. ‘जोरात’ हा शब्द ऐकल्यावर माणूस लवकर लवकर हालचाल करू लागतो आणि स्ट्रोक आखूड होतो. तुमचेच आकडे पाहू. २:४० चा स्प्लिट म्हणजे मिनिटाला साधारण १८७ मीटर. ३४ स्ट्रोकमध्ये १८७ मीटर म्हणजे एका स्ट्रोकला साडेपाच मीटर. हेच अंतर २२ स्ट्रोकमध्ये कापले तर एका स्ट्रोकला साडेआठ मीटर पडतात. वेग तोच, पण मिनिटाला बारा वेळा पुढे सरकण्याचे आणि वाकण्याचे श्रम वाचतात, आणि श्वासाला जागा मिळते.

ते साधण्यासाठी तीन अंक मोजा. पायांनी रेटून हँडल बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी येईपर्यंत ‘एक’. मग हात सोडणे, खुब्यातून पुढे झुकणे आणि सीट संथपणे पुढे येऊ देणे यासाठी ‘दोन, तीन’. रेट २० असेल तर एका स्ट्रोकला तीन सेकंद मिळतात : एक सेकंद खेचण्याचा, दोन परतण्याचे. परतीचे हे दोन सेकंद विश्रांतीचे आहेत, ते पूर्ण घ्या. पहिल्या दिवशी स्प्लिट २:५० किंवा ३:०० दिसला तरी घाबरू नका. आठवड्यातून तीन वेळा, केवळ दहा-दहा मिनिटे, रेट २० च्या वर न जाता केलेत तर महिन्याभरात हळू रेटवरही आकडा खाली येऊ लागेल. मग रेट २२ करा.

प्रशिक्षकांना हे सदर दाखवायला संकोच करू नका. त्यांनाही गट सुधारायचाच आहे. ‘जोरात’ ऐवजी त्यांनी ‘लांब’, ‘पायांनी’ किंवा ‘सावकाश परत’ असे शब्द वापरले तर सगळ्या गटाला फायदा होईल. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच जोर वाढवा आणि खेचताना श्वास कोंडून धरू नका. खेचताना सोडायचा, परतताना घ्यायचा.

प्रश्न : गटातल्या तीन जणांनी महिन्याभरात कंबर दुखत असल्याची तक्रार केली. तिघेही दिवसभर कार्यालयात बसून काम करणारे आहेत. माझ्या शिकवण्यात चूक आहे की हा व्यायामच त्यांच्यासाठी योग्य नाही?
— प्रशिक्षक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही हा प्रश्न विचारलात याबद्दल तुमचे मनापासून आभार मानते, कारण अनेक ठिकाणी अशा सदस्याला ‘सवय नाही, होईल’ असे सांगून पुन्हा मशीनवर बसवले जाते. एकाच गटात एकाच महिन्यात तिघांची कंबर दुखते तेव्हा तिघांचे दुर्दैव समजण्यापेक्षा शिकवण्याच्या क्रमाकडे पाहावे. व्यायाम त्यांच्यासाठी अयोग्य नाही. बहुधा पाठीकडून पायांचे काम करून घेतले जात आहे.

पुढच्या सरावात त्यांना बाजूने पाहा. पहिली जागा पुढच्या टोकाची. नडगी उभी झाली की पुढे सरकणे तेथेच थांबायला हवे. अनेकांना ‘आणखी लांब’ घेण्याच्या नादात सीट टाचांना भिडवायची असते. मग कंबर गोल होते आणि गोल झालेल्या कंबरेवरच सगळा भार येतो. दुसरी जागा त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदाची. सीट मागे गेली आणि हँडल मात्र जागच्या जागी राहिले, असे दिसले तर पाय रिकामे सरळ झाले आणि उरलेले सगळे काम पाठीने उचलले असे समजावे. सीट आणि हँडल एकाच वेळी हलली पाहिजेत. तिसरी जागा शेवटची : थोडेसे मागे झुकणे ठीक आहे, घड्याळाच्या काट्याच्या भाषेत अकराच्या जागी असावे तितके, पण आरामखुर्चीत रेलल्यासारखे मागे पडणे नाही.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतात, त्यामुळे त्यांना खुब्यातून झुकता येत नाही आणि ते पाठीतून वाकतात. त्यांना मशीनवर बसवण्याआधी उभे करून शिकवा : गुडघे किंचित सैल, दोन्ही हात मांड्यांच्या मुळाशी, आणि जड कुंडी उचलायला वाकतो तसे ढुंगण मागे नेत पुढे झुकणे. हे जमले की मगच सीटवर. पाय ठेवायची पट्टी एकदोन घरे खाली घेतल्यानेही अशा लोकांना बराच आराम पडतो. पट्टा पावलाच्या सर्वांत रुंद भागावरून जावा, म्हणजे पुढच्या टोकाला टाच किंचित उचलता येते.

याशिवाय वेळेकडे लक्ष द्या. थकल्यावर पाठ सर्वांत आधी बेशिस्त होते, म्हणून नवख्या गटाला सलग अर्धा तास कधीही वल्हवू नये. पाच-सहा मिनिटांनी उठवून उभे करावे, दोन पावले चालवावे. पाय पट्ट्यांतून मोकळे सोडून रेट १८ वर दोन मिनिटे वल्हवणे हा माझा आवडता उपाय आहे, कारण मागे फार झुकलेला माणूस त्यात आपोआप तोल जाऊन स्वतःलाच पकडतो.

आणि तुमच्या अधिकाराची मर्यादा ओळखा. दुखणे पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, रात्री झोपमोड होत असेल, तर सराव थांबवून अस्थितज्ज्ञांकडे पाठवा. त्याबरोबर लघवीवरचा ताबा जाणवण्याइतका कमी झाला असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात. खोकताना किंवा कुशीवर वळताना बरगडीत कळ येत असेल तर तीही अंगावर काढू देऊ नये. बरगडीच्या हाडाला पडणारी बारीक भेग वल्हेकऱ्यांमध्ये ओळखीची आहे.

प्रश्न : गटाच्या सरावात संगीत लावावे का?
— वाचक, सातारा

उत्तर : लावावे, पण हिशेबाने. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यावर रेट २० ठेवला तर एका स्ट्रोकला सहा ठोके येतात : दोन खेचायचे, चार परतायचे. गटाला हे पटकन कळते आणि परत सावकाश येण्याची सवय लागते. ढोल-ताशाच्या ध्वनिफिती मलाही प्रिय आहेत, परंतु त्यांची गती चढत जाते आणि दोन मिनिटांत अख्खा गट ३२ वर पोचतो. त्या शेवटच्या एका मिनिटासाठी राखून ठेवाव्यात. तांत्रिक भाग शिकवताना मात्र संगीत पूर्ण बंद असावे. आठ पंख्यांचा आवाज एकत्र उठतो आणि एकत्र विरतो, तो गटाने ऐकला पाहिजे.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात २,००० मीटरची स्पर्धा ठेवत आहोत. सगळे सुरुवातीला जोरात सुटतात आणि अर्ध्यावर कोलमडतात. त्यांची तयारी कशी करून घ्यावी?
— क्रीडा समिती सदस्य, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ऑलिंपिकमधल्या रोइंग शर्यतीचे अंतर २,००० मीटर असते आणि तेच मशीनवरही प्रमाण मानले जाते. मशीनवरच्या मोठ्या स्पर्धांची सुरुवात १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत बोस्टनजवळ, चार्ल्स नदीकाठच्या वल्हेकऱ्यांनी केली. जागतिक संघटनेची पहिली इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा २०१८ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला झाली. तेथील अव्वल खेळाडूंनाही जो नियम लागू आहे तो तुमच्या सदस्यांनाही आहे : समान वेग सर्वांत स्वस्त पडतो.

आकड्यांत सांगते. आठ मिनिटांत २,००० मीटर, म्हणजे सरासरी स्प्लिट २:००. एकाने सगळे अंतर २:०० नेच कापले, तर त्याला सुमारे २०२ वॉट सतत लावावे लागतात. दुसऱ्याने पहिले १,००० मीटर १:५० ने आणि उरलेले २:१० ने कापले, तर वेळ तितकीच, आठ मिनिटे. पण पहिल्या भागात त्याने २६३ वॉट लावले, दुसऱ्यात १५९. आणि एकूण काम दोन टक्क्यांनी जास्त झाले. दोन टक्के किरकोळ वाटतील. खरी किंमत वेगळीच आहे : २६३ वॉटनी पायांत जी जळजळ भरते ती उरलेले सव्वाचार मिनिटे उतरत नाही, आणि पुष्कळांना मग २:१० देखील टिकत नाही.

म्हणून स्पर्धेआधी चार आठवडे गटाला आठवड्यातून एकदा ५०० मीटरचे चार तुकडे, प्रत्येकानंतर तीन मिनिटे विश्रांती घेऊन, करायला लावा. अट एकच : चारही तुकड्यांच्या वेळांत दोन सेकंदांहून अधिक फरक नको. पहिल्याच आठवड्यात बहुतेकांचा पहिला तुकडा फार वेगात जाईल. त्यांचे आकडे त्यांना दाखवा, बोलायची गरज पडत नाही. स्पर्धेत पहिले आठदहा स्ट्रोक ताजेतवानेपणामुळे आपोआप जलद जातात. त्यानंतर ठरवलेल्या स्प्लिटवर यायचे, १,५०० मीटरपर्यंत तेथेच राहायचे आणि शिल्लक असेल ते शेवटच्या ५०० मध्ये खर्च करायचे.

गृहसंकुलाची स्पर्धा असल्यामुळे एक सुचवते. चौघांचा संघ करून प्रत्येकाने ५०० मीटर वल्हवावे, आणि संघात वेगवेगळ्या वयाचे लोक असावेत. पूर्ण २,००० मीटर ज्यांनी किमान महिनाभर नियमित सराव केला आहे त्यांनाच करू द्यावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकताच येऊन गेलेला ताप असलेल्यांना त्या दिवशी पंच म्हणून बसवावे.

प्रश्न : आमच्या गटातल्या काही मुलांना मशीनवर चांगले जमते. त्यांना खऱ्या नावेत बसवले तर जमेल का? दत्तू भोकनळ आमच्याच जिल्ह्याचे असल्यामुळे मुलांना फार उत्सुकता आहे.
— शारीरिक शिक्षण शिक्षक, नाशिक

उत्तर : चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, विहिरी खोदण्याचे काम केलेला तरुण सैन्यात भरती होतो, पुण्यात वल्हे हाती घेतो आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा येतो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, दोन वर्षांनी जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत भारताला सुवर्ण मिळाले तेव्हाही ते त्या नावेत होते. पण मशीन पाण्याची जागा घेत नाही, हेही त्याबरोबर सांगा.

मशीन तीन गोष्टी शिकवते : हालचालीचा क्रम, दम आणि ताल. तोल ती शिकवत नाही, आणि वल्ह्याचे पाते पाण्यात नेमके कधी आणि किती खोल बुडवायचे, हेही नाही. आणखी एक फरक आहे जो गटाच्या प्रशिक्षकाने आतापासूनच मनात धरावा. मशीन जमिनीवर घट्ट उभे असते, म्हणून परतताना सीट दाणकन पुढे आपटली तरी पडद्यावरचा आकडा बिघडत नाही. नावेत तीच चूक केली तर पुढे आपटणाऱ्या शरीराच्या वजनाने नावेची गती खुंटते. म्हणून नावेची आस असलेल्या मुलांना परतीच्या दोन सेकंदांत सीटचा आवाज न करता पुढे यायला शिकवा. असा गट पुढे पाण्यावर गेला की तेथील प्रशिक्षकांना ते पहिल्याच दिवशी जाणवते.

पाण्यावर जाण्याआधी प्रत्येकाला पोहता आले पाहिजे, कपडे घालून आणि खोल पाण्यात. यात सवलत नको, मूल कितीही ताकदवान असले तरी. नोंदणीकृत केंद्र, हजर असलेली सुरक्षा नाव आणि लाइफ जॅकेट या तीन गोष्टी तुम्ही स्वतः जाऊन पाहिल्याखेरीज मुलांना पाठवू नका.

प्रश्न : आमची मशीन दोन वर्षांत खडखडू लागली आणि सारख्याच डॅम्परवर प्रत्येक मशीन वेगळे वाटते. काय करावे?
— व्यायामशाळा चालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : धूळ. पंख्याच्या जाळीत धूळ आणि सुती धागे साचले की हवा कमी शिरते आणि त्याच डॅम्परवर ड्रॅग फॅक्टर उतरतो. जाळी उघडून व्हॅक्यूमने साफ करा आणि त्यानंतर प्रत्येक मशीनचा ड्रॅग फॅक्टर पडद्यावर पाहून, ११५ ला डॅम्पर कोठे येतो ते कागदाच्या पट्टीवर लिहून मशीनला चिकटवा. गटाला मग डॅम्परचा आकडा सांगण्याऐवजी ‘पट्टीवरच्या खुणेवर ठेवा’ एवढेच सांगता येते. साखळीला वापराच्या दर ५० तासांनी थोडे तेल हवे, तुमच्यासारख्या वर्दळीच्या ठिकाणी आठवड्यातून एकदा. रुमालावर तेल घेऊन साखळीवरून फिरवायचे आणि जादाचे पुसून टाकायचे. गंज सोडवणारे फवारे साखळीवर मारू नयेत. सीट ज्या रुळावरून सरकते तो रोज, शेवटचा गट गेल्यावर, ओल्या कापडाने पुसावा. खडखडाट बहुतेक वेळा तेथूनच येतो.